कोन्या गावचे दौलतमामा

दौलतमामांना इंजेक्शन देणं दारव्ह्यातल्या एकाही डॉक्टरला एका दमात जमलेलं नाही. सुई भरून डॉक्टर जवळ आले की मामा बाही वर करता करता विचारतात, "डॉक्टरसायेब, कोन्या गावचे तुमी?" डॉक्टर सांगतात, बाभुळगावकडचे. मग सुरू. "कोनाच्या घरचे? मामकूळ कोनतं? बहीन कुठं देल्ली?" मध्यंतरी एक नवा डॉक्टर या प्रश्नांना सरळपणे उत्तरं देत बसला, आणि शेवटी त्याची चुलत आत्या माझ्या बायकोच्या मावसभावाला दिलेली निघाली. मामा खूश. "म्हंजे तुमी आपलेच." इंजेक्शन राहून गेलं, बाहेर पेशंट ताटकळले आणि डॉक्टर संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आला.

मामा आमच्या शेजारी राहतात. बाजार समितीत मापारी होते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल काट्यावर मोजून द्यायचे. आता एक खोली, एक सायकल आणि एकटा जीव. लहानमोठं सगळं गाव त्यांना मामा म्हणतं आणि ते सगळ्या गावाला भाचे म्हणतात. मी भाचेबुवा आणि माझी बायको सुनंदा ही सूनबाई.

आता, सोयरपण काढणं ही आमच्या भागाची जुनीच खोड आहे. काळीपिवळी जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलं की यवतमाळ येईपर्यंत एखादा सोयरा निघतोच. पण मामांची गोष्ट वेगळी. ते शोधात असतात. एकदा कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो, तर रांगेतला पुढचा माणूस आणि मागचा माणूस एकमेकांचे साडू लागतात हे मामांनी शोधून काढलं. दोघांनाही ते माहीत होतं. दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून तर मुद्दाम मध्ये अंतर ठेवून उभे होते. मामांनी त्यांना तिथेच मिठी मारायला लावली आणि गणपतीच्या दर्शनाआधी आम्ही त्यातल्या एका साडवाच्या घरचा चहा घेतला.

जातधर्माचीही अडचण नाही. पंक्चरवाल्या सलीमभाईंच्या आजोबांचं इंजिन ज्या विहिरीवर होतं, ती विहीर माझ्या पणजोबांची. "एका विहिरीचं पानी पेलं, मंग सोयरे नाही तं काय?" सलीमभाई तेव्हापासून माझ्याकडून हवेचे पैसे घेत नाहीत. मामांकडून घेतात.

मामांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक दुपट्टा, एक टोपी, एक ब्लाऊजपीस आणि एक नारळ असतो. आहेराचा जय्यत सरंजाम. "सोयरा कुठं भेटन सांगता येते काय भाचेबुवा? रिकाम्या हातानं भेटाचं काय?"

तर अशा मामांना मी एकदा सांगून बसलो की आम्ही दोघं अंदमानला चाललो आहोत. तिथलं एक लहानसं बेट आहे, शांत आहे, फारसं कोणी जात नाही.

"तिथं आपलं कोन हाय?" मामांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग कायले जाता?"

समुद्र पाहायला, म्हटलं. मामांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात उभे. "माह्यंही तिकीट काहाडा. तुमी दोघं लेकरं, अनोळखी मुलकात जाऊन राह्यले. कोनी तं पाह्यजे ना ओळख काहाडाले."

नागपूरच्या विमानतळावर पहिली ठेच लागली. तपासणीवाल्यानं पिशवीतला नारळ बाहेर काढला आणि हा नेता येणार नाही म्हणाला. मामांनी त्याला "आप कोनसे गाव के?" विचारलं. तो म्हणाला, "बाबाजी, आगे बढ़िए." असं उत्तर मामांना आयुष्यात मिळालं नव्हतं. विमानात बसल्यावर ते पिशवी चाचपत राहिले. मग म्हणाले, "आता तिथं नारय कुठं भेटन?"

बोट बेटाजवळ आली तेव्हा समोर जमीन अशी दिसलीच नाही. नारळाची झाडं पाण्यापर्यंत वाकून उभी होती. वर पाहावं तिकडे नारळ, आणि लाटांवरही चार तरंगत होते. मी मामांकडे पाहिलं. मामा दुसरीकडे पाहत होते.

काय सांगू त्या गावाबद्दल. एक धक्का, एक रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा. दुपारी जेवणं झाली की अख्खं गाव झोपतं, दुकानदार दुकान उघडं टाकून झोपतो. फोनला रेंज नाही, त्यामुळे कोणाला आपली आठवण येत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. पाणी असं निवळ की कमरेइतक्या पाण्यात आपल्याच पायाची बोटं दिसतात. सुनंदा त्या पाण्यात शिरली ती बाहेर यायला तयार होईना. पन्नाशीची बाई शिंपले वेचत पळत होती. मी इतका सुखी झालो होतो की मलाच संकोच वाटत होता.

मामांनी समुद्राकडे पाहिलं, एक चूळ भरली आणि थुंकून टाकली. "एवढं पानी, अन् कापसाच्या पऱ्हाटीले एक थेंब कामाचा नाही." समुद्राचा विषय तिथे संपला. ते माणसं शोधायला निघाले.

आणि तिथेच सगळं फसलं. चहावाल्याला विचारलं, कोनसे गाव के? "यहीं के." होडीवाल्याला विचारलं. "यहीं के." त्याच्या आधी कुठले, तर आजोबा रांचीकडून आले होते म्हणे, बाकी माहीत नाही. भाजीवाली तमिळ, मास्तर तेलुगू. मामकुळाचं विचारलं तर लोक हसायचे आणि हातात शहाळं द्यायचे. मामा शहाळी पिऊन पिऊन हैराण झाले, पण पिशवीतला दुपट्टा काही बाहेर निघेना. आठवडी बाजार असावा आणि एकही बैलगाडी येऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला. जेवण कमी झालं. रात्री मी विचारलं, तर म्हणाले, "इथं मानूस मेला तं कोनाले सांगाचं, हेच समजत नाही."

मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. एवढ्या सुंदर ठिकाणी येऊन हे काय सुतक घेऊन बसलेत.

आम्ही उतरलो होतो ते घर शेफालीदीदींचं. साठीच्या पुढच्या, बंगाली, विधवा. मुलगा बापी धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडायचा. दीदी समुद्राकडच्या ओट्यावर जेवायला वाढायच्या. मामा मासे खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी रोज खोबरं घातलेली डाळ वेगळी करायच्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांनी शेवटचा प्रयत्न केला.

"दीदी, तुमारा गाव कोनसा?"

"यहीं."

"उसके पैले?"

दीदी वाढता वाढता थांबल्या. फाळणीनंतर बाबांना सरकारनं जहाजात बसवून आणलं, त्या म्हणाल्या. मूळ गाव कमलदीघी. आता तो दुसरा देश आहे. "नाम मालूम है, देखा नहीं कभी." आणि मामकूळ? "माँ का एक भाई था उधर. माँ रोती थी, बस उतना मालूम है." त्यांना स्वतःला भाऊ नव्हता.

संपलं. कमलदीघीपासून दारव्ह्यापर्यंत येणारा रस्ता मामांनाही सापडण्यासारखा नव्हता. ते भात चिवडत राहिले.

दीदींनी डाळ वाढली आणि सहज विचारलं, "और तुम? तुम कौन गाँव के?"

माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मामांना विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. ते जगाला विचारतात, मग त्यांना कोण विचारणार? आणि आजवर त्यांनी काढलेली सगळी नाती माझी होती, सुनंदाची होती, कुठल्या तरी अडत्याची होती. त्यांचं स्वतःचं त्यात एकही नव्हतं.

मामांचा घास हातातच राहिला. "मालूम नही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आपल्या बोलीत, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "भाचेबुवा, मले कोनीतरी दारव्ह्याच्या बाजारात सोडून देल्लं होतं. लय लहान होतो. कापसाच्या ढिगावर झोपेल भेटलो म्हन्तेत. आडत्यानं पोसलं, मंग काटा हाती देल्ला. गाव कोनतं, माय कोन, काईच मालूम नाही. म्हटलं, इचारत राहू. सारा मुलूक काट्यावर येते. कोनीतरी आपलं निंगन."

सुनंदानं तोंड फिरवलं. मग मीच ते हिंदीत दीदींना सांगितलं, जमेल तसं.

दीदींनी पूर्ण ऐकलं आणि चक्क हसल्या. "तो इसमें क्या है? हमारे पास गाँव है, भाई नहीं. तुम्हारे पास गाँव नहीं. तुम कमलदीघी ले लो."

मामांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ताटावरून उठले, हात धुतले आणि खोलीत गेले. पिशवी घेऊन बाहेर आले. ब्लाऊजपीस काढला, पण दीदींच्या पुढे करता करता थांबले आणि कासावीस होऊन माझ्याकडे पाहू लागले. "भाचेबुवा, नारय नाही ना."

बापीनं अंगणातलाच एक सोलून आणून दिला. दीदींचाच नारळ मामांनी ब्लाऊजपीसासकट दीदींच्या पदरात घातला. दुपट्टा आणि टोपी बापीला चढवली. बापीनं आरशात पाहिलं आणि आमच्या पद्धतीनं वाकून पाया पडला. "मामा," तो म्हणाला. उभ्या दारव्ह्याचे मामा असलेला तो माणूस हा शब्द ऐकून ओट्याच्या खांबाला धरून रडला. नंतर जेवायला बसले ते दोनदा डाळ घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी बोट सुटेपर्यंत त्यांनी समुद्राचं कौतुक केलं. पाणी निवळ आहे, वारा चांगला आहे, बहिणीला त्रास नाही.

परवा मी आणि मामा जीपनं यवतमाळला चाललो होतो. शेजारी एक म्हातारेबुवा येऊन बसले. मामांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "कोन्या गावचे पाव्हने तुमी?"

मामा जरा सरकून, ऐसपैस बसले.

"आमी कमलदीघीचे," ते म्हणाले. "लय दूर हाय, तुमाले मालूम नसन. बहीन अंदमानले देल्ली."