मास्तर उतरतायत

"ज्या गाडीतून कुणाचा हात न धरता बाहेर याल, ती घ्या," मास्तरांच्या बायकोनं गाडीवाल्याच्या फाटकातच अट घातली. "नाहीतर आलो तसे बसनं घरी."

अट तशी अन्यायाची नव्हती. मास्तरांनी चाळीस वर्षं शिवणयंत्र पायानं मारलं होतं आणि त्याचं व्याज आता गुडघे वसूल करत होते. पण मास्तरांचा जीव अडकला होता एका चित्रात. कापायच्या टेबलासमोर त्यांनी तरुणपणी लाल स्पोर्ट्स कारचं एक चित्र टाचलं होतं. दोनच सीटा, कापडी टप, आणि बुटकी इतकी, की मांजरानं वरून उडी मारावी. गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्या येऊन गेल्या, चित्र तिथंच. आता दुकान मुलीकडे सोपवलं आणि जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ओळखीच्याकडे नेमकी तीच गाडी आली. शेजारी तिचीच नवी पिढी उभी होती, किंमतही तेवढीच.

मास्तरांनी बघताक्षणी त्यांची नावं ठेवली, आजी आणि नात. नातीची सीट बटण दाबलं की वर उचलली जायची, आणि दार लावलं की कुलूप आपोआप. बायकोचं मत उघड उघड नातीला होतं. मास्तर आजीवर लट्टू.

मास्तर आजीत बसले. म्हणजे आधी वाकले, मग घसरले, आणि शेवटी धपकन पोचले. हात स्टिअरिंगवर गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. पाच मिनिटं त्यांनी स्वर्गसुख घेतलं. मग उतरायला गेले, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. पुढं रेटून पाहिलं, बाजूला कलून पाहिलं; ढिम्म.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"शिवण बघतोय," मास्तर म्हणाले.

टपाच्या कोपऱ्यात शिवण खरोखरच वीतभर उसवली होती, त्यामुळे खोटंही अगदीच खोटं नव्हतं. पण दहा मिनिटं झाली तरी मास्तर शिवणच बघतायत म्हटल्यावर बायकोला राहवेना. एवढं काय आहे त्या शिवणीत, म्हणून ती पलीकडच्या दारानं येऊन शेजारी बसली. तेवढ्यात गाडीवाल्याच्या डोक्यात आलं, की गिऱ्हाईक आजीत रमलंय, तर नात जवळ आणून दाखवावी. त्यानं ती हौसेनं आणली आणि बायकोच्या दाराला अगदी चिकटवून लावली. पलीकडून उतरून त्यानं दार लोटलं. खट्. किल्ली आत.

"किल्ली आत असली की ही लॉक होतच नाही," तो म्हणाला. मग त्यानं दार ओढून पाहिलं, ते उघडेना. दुसरी किल्ली घरी होती. तासाभरात येतो म्हणून तो रिक्षा शोधायला पळाला.

बायकोनं आपलं दार उघडून पाहिलं. त्यातून फार तर तिची पर्स बाहेर गेली असती. "अहो, तुम्ही उतरा ना. तुमच्या बाजूनं येते मी."

मास्तर स्टिअरिंगकडे बघत राहिले. "मला उतरता येत नाहीये," ते शेवटी पुटपुटले.

"कधीपासून?"

"बसल्यापासून."

बायकोनं पर्स मांडीवर ठेवली आणि आपलं दार ओढून घेतलं. मास्तरांना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आता बसनं घरी जायचं आणि दुकानातलं चित्र उतरवायचं, हे त्यांनी ओळखलं. पण हात रिकामे ठेवायची सवय नाही. त्यांनी कॉलरला खोचलेली सुई काढली, खिशातलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि टप शिवायला घेतला. बायकोनं न सांगता कापड ताणून धरलं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती अशीच दुकानात शेजारी बसायची. मग मुलगी झाली, व्याप वाढले. टाके घालता घालता मास्तर बोलायला लागले. चित्र टाचलं ते त्याच दिवसांत, तिला शेजारी बसवून लांब कुठंतरी न्यायचं म्हणून, हेही बोलून गेले.

"मला वाटायचं, गाडीचंच वेड आहे," ती म्हणाली.

"दोन सीटा कशाला पाहिजे होत्या मग?"

गाडीवाला घामाघूम होऊन परतला, नात बाजूला केली. बायको उतरून वळसा घालून आली आणि मास्तरांपुढे हात केला.

"राहू दे," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "कुणाचा हात धरायचा नाही, असं ठरलंय."

"मी काय 'कुणी' आहे होय? धरा मुकाट्यानं." तिनं त्यांना ओढून उभं केलं आणि गाडीवाल्याकडे वळली. "हीच द्या. त्या दुसरीत बसलं की पोचलं, आणि पोचलं की उतरलं. मग हे माझ्याशी बोलणार कधी?"

आता दर रविवारी लाल गाडी फिरून घरासमोर येते, इंजीन बंद होतं आणि दोघं आतच बसून राहतात, कधी कधी चांगला तासभर. जाणारे-येणारे काचेत वाकून काळजीनं विचारतात, काही अडलंय का.

"नाही हो," बायको आतून सांगते, "मास्तर उतरतायत."