चौदा पिशव्यांचा महाप्रसाद

या मंडळी, कीर्तनाला अजून वेळ आहे, असे जवळ सरकून बसा. मांड्या जरा आवरल्यात तर मागच्यांनाही जागा होईल. आज तुम्हांला अशी हकीकत सांगतो, की पोट धरून हसाल! हसताना माझ्याकडे बघायचं नाही, एवढं फक्त कबूल करा.

आमच्या कोळवणात वस्तू सांभाळावी तर हैबतरावानं, असा माझा लौकिक होता. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत असे! म्हणूनच हाफीजनं त्याच्या चौदा पिशव्या माझ्या हवाली केल्या.

हाफीज म्हणजे पौडच्या बाजारात भात भरडून देणाऱ्या मौलाभाईंचा मुलगा. पुण्याला विद्यापीठात शिकायचा. तिथं एक संशोधन कचेरी आहे. आता कचेरी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? खिडकी, रांग आणि 'उद्या या'! पण ही कचेरी वेगळीच. तिथले आठल्ये साहेब मुलांना म्हणत, "पुस्तक पुरे झालं, आता गावात जाऊन राहा, काम शिका. काही नवं जमलं तर त्याचा धंदा उभा करायला आम्ही आहोत." असं बोलणारा साहेब मी तोवर फक्त कीर्तनातल्या आख्यानात ऐकला होता!

हाफीजनं काय जमवलं होतं? आमच्या खोऱ्यात पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. भात ओलं राहतं आणि भरडलं की तांदळाची कणी होते. त्यानं पत्र्याची एक पेटी केली, खाली तूस जाळायचं आणि वर भात वाळवायचं. तीन महिने तो आमच्या पडवीत राहून हेच करत होता. किती वेळ वाळवलं तर दाणा अख्खा राहतो, ते बघायला चौदा वेगवेगळे नमुने केले, भरडले, चौदा पिशव्यांत भरले आणि प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी बांधली.

"हैबतकाका," तो मला म्हणाला, "सोमवारी साहेब नमुने बघायला येणार. पसंत पडले तर कचेरी मला शेड आणि मोठी पेटी देणार. न्हाई तर मी परत अब्बांच्या गिरणीत. मी साहेबांना घेऊन येतो, तोवर जपा."

"अरे, माझ्या घरात मुंगी शिरत न्हाई!" मी छाती फुगवली.

मुंगी खरंच शिरत नव्हती. पण मी म्हटलं, घरापेक्षा देऊळ बरं. खुद्द देव राखण करील! पिशव्या उचलल्या आणि देवळाच्या ओवरीत नीट मांडून ठेवल्या. आमची सारजाबाई म्हणालीसुद्धा, "अवो, सोमवारी सप्त्याची सांगता हाय. तितं शिधा ठेवत्यात समदे."

"मग काय झालं? शिधा शिध्याच्या जागी, नमुने नमुन्यांच्या!"

सोमवारी सकाळी काल्याचं कीर्तन उभं राहिलं. बुवांचा गळा म्हणजे गुळाची ढेप उन्हात ठेवावी तसा पाझरत होता! मी पहिल्या रांगेत. कीर्तनात मला भान राहत नाही. डोळे मिटतात, मान डोलते, आणि बुवांनी प्रश्न विचारला की उत्तर माझ्याच तोंडून जातं. बुवा रंगात येऊन म्हणाले, "सांगा, ह्यातलं आपलं म्हणून काय हाय?"

नेमका तेव्हाच स्वयंपाकावरचा कोंडिबा माझ्या कानाशी लागला. "हैबतराव, ओवरीतल्या पिशव्या घेऊ का?"

"घे! घे!" मी डोळे मिटूनच ओरडलो. "आपलं काय बी न्हाई! समदं त्याचंच हाय!"

सगळ्या सभेनं टाळ्या वाजवल्या. बुवांनी मला मान डोलावून दाद दिली. आणि चौदा पिशव्या कढईकडे निघाल्या!

दुपारी हाफीज साहेबांना घेऊन एसटीनं उतरला. मी धावत ओवरीत गेलो. पिशव्या धुऊन दोरीवर वाळत होत्या!

"कोंडिबा! नमुने कुटं?"

"कंचे नमुने? आपल्या वाडीत उंबरे किती? चौदा. पिशव्या किती? चौदा. चिठ्ठ्यांवर घरांचे नंबर. म्या म्हटलं, यंदा लोकांनी शिधा कसा शिस्तीत धाडलाय!"

"आन् चिठ्ठ्या?"

"चूल पेटत नव्हती."

माझे पाय कढईत बुडवल्यासारखे गरम झाले. बाहेर येऊन मी साहेबांना म्हणालो, "आधी पंगत, मग नमुने! रिकाम्या पोटी शास्त्र बघू नये!" साहेब भला माणूस, बसले. हाफीज त्यांच्या शेजारी. मी भात वाढायला घेतला, पण लक्ष सगळं दोरीवरच्या पिशव्यांकडे, निम्मा भात साहेबांच्या मांडीवर!

पंगतीत लगेच कलकलाट झाला. रत्नाबाई ओरडली, "अगं बया, हे शीत बघा, मोती जणू! आन् शेजारचं चिखल!"

"माज्या पानात तर निम्मी कणी," कुशाबा म्हणाला.

हाफीजनं एक घास घेतला. चावायचा थांबला. माझ्याकडे बघितलं. "काका... हे माझेच तांदूळ हायेत का?"

मी भाताची परात खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत होईना. पोरगा पानातली शितं बोटानं एकेक करून निवडायला लागला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! तीन महिने तो तुसाच्या धुरात खोकत बसला होता, हे मी रोज बघत होतो.

साहेबांनी शांतपणे घास संपवला. "हाफीज, वेळांच्या नोंदी?"

"वहीत हायेत, साहेब. पण नमुन्यांशिवाय..."

"नमुने पुन्हा होतील. चुकलेलं पुन्हा करायला मिळावं म्हणूनच आमची कचेरी आहे, नाही तर कशाला? तुझं प्रशिक्षण दोन महिने वाढवतो, मदतीला आणखी एक विद्यार्थी पाठवतो."

तेवढ्यात रत्नाबाई पंगतीतून उठली, हात उष्टाच! "पोरा, ती मोत्यावानी शितं कशी केलीस ते सांग. आमचं भात तसंच वाळवून दे!"

"आमचं बी!" कुशाबा म्हणाला. मग चौदाही घरांनी गलका केला. साहेबांनी खिशातली वही काढून एकेक नाव लिहून घेतलं आणि हसून म्हणाले, "हाफीज, शेड मिळायच्या आधी गिऱ्हाइकं मिळालेला तू आमचा पहिला विद्यार्थी!"

त्या वेळी पोरगा रडला, आणि खरं सांगतो, बुवांच्या कीर्तनात आलं नाही एवढं पाणी माझ्या डोळ्यांत आलं.

पुढच्या हंगामात शेड उभी राहिली. दोन मुलं तिथं कामाला लागली, कचेरीनं आणखी तीन शिकायला धाडली. आणि एक दिवस टपालानं कचेरीचा छापील अहवाल आला. हाफीजनं मला बसवून वाचून दाखवला. 'प्रयोगातील अडथळे' अशी ओळ आली. खाली लिहिलं होतं: एक, अवकाळी पाऊस. दोन, उंदीर. तीन, श्री. हैबतराव, कोळवण.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. कीर्तन संपून हात जोडाल तेव्हा त्या आठल्ये साहेबांची आठवण काढा. माझी काढायची गरज नाही. मी उंदरांच्या खाली कायमचा छापलेला आहे!