पारखून आणलेलं पिस्तूल

जुनी वस्तू पारखावी तर मीच. चौथीपुढे शाळा पाहिली नाही, पण शिलाईचं मशीन असो की लोखंडी कपाट, कुठे झिजलंय ते मी नुसता हात फिरवून सांगते. म्हणून मुलाने सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून नेमबाजी करायची, त्यासाठी छऱ्यांचं पिस्तूल घ्यायचं असं काढलं, तेव्हा मी त्याला नवंकोरं घेऊ दिलं नाही. शेजारचे घड्याळवाले भाऊजी बारीक काम आता झेपत नाही म्हणून दुकान आवरत होते. त्यांच्याकडे एक होतं. मी गेले, नळीत फुंकर मारली, एकेक स्क्रू चाचपला. एकही ढिला नव्हता.

"भाऊजींच्या हातची वस्तू आहे," मी मुलाला म्हटलं, "डोळे मिटून घे."

आमचं शिवणकामाचं दुकान. मागच्या खोलीत कापडाच्या चिंध्या ठासून भरलेली एक पेटी आहे. तिच्यावर मुलाने कागद लावला आणि काळा गोल काढला. बाजूच्या खुंटीवर वकीलसाहेबांचा कोट लटकत होता. त्याची एक बाही दोन बोटं आखूड झाल्यामुळे तो परत आला होता. कोट मीच कापला होता. कापड आटलं असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. सुनेने ऐकून घेतलं, पण डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून आरशाला चिकटवून ठेवला.

आता हे तुम्हाला कळायला हवं: या घरात कापड मी कापते. सासऱ्यांनी ती मोठी कात्री स्वतःच्या मुलाला दिली नाही, माझ्या हातात दिली. डॉक्टर म्हणजे कात्री गेली, एवढं मला न शिकताही कळतं.

मुलाने पाच छरे मारले. चार गोलाच्या उजवीकडे गेले, एकमेकांना चिकटून. पाचवा त्याहून उजवीकडे सुटला आणि त्याने वकीलसाहेबांच्या कोटाचं दुसरं बटण फोडलं. त्या कोटाच्या नशिबी आमच्या घरात सुखच नव्हतं.

मुलगा म्हणाला की आपण फसलो. मी फसले, असं त्याला म्हणायचं होतं. मी भाऊजींना बोलावून घेतलं. ते आले, कानटोपी काढून स्टुलावर बसले आणि आपल्याकडून तर कधी नेम चुकला नाही म्हणाले. मग मी पदर खोचला.

"पाचातले तीन गोलात मारते. मारले तर आरशावरचा तो कागद निघेल आणि कात्री माझ्याकडे राहील. नाहीतर कात्री तुझी," मी सुनेला सांगितलं.

"अट तुमची ना, आई?" तिने विचारलं.

"माझीच."

कोट कुणी हलवला नाही. माझा भरवसा असल्यामुळे मीच हलवू दिला नाही. मी हात लांब केला, श्वास धरला. पहिला छरा गोलात. दुसरा गोलात. पाचही गोलात गेले, तेही टाचणीच्या डबीत मावतील एवढ्याशा जागेत. मुलगा कागदाकडे पाहतच राहिला. सून उठून आरशाकडे निघाली. शब्दाची पक्की आहे, नाही म्हणणार नाही.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जिंकल्यावर गप्प बसणं मला कुणी शिकवलंच नाही.

"फक्त तू उगीच दोन गोल काढलेस," मी मुलाला म्हटलं. "माणूस घोटाळतो. मी आपला डावा धरला."

सून आरशापाशीच थांबली. भाऊजी मात्र खूश झाले.

"डावाच धरायचा, वहिनी. उजवा खरा असतो, पण फिका दिसतो. मलाही दोन वर्षं दोनच दिसतात. म्हणून तर मी नेम धरायच्या खाचेचा स्क्रू फिरवून ठेवलाय. डाव्यावर नेम धरला की छरा बरोबर उजव्यात."

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी पेटीतून त्या कोटाच्या बाहीची कापलेली चिंधी उपसून काढली. तिच्यावर खडूची रेघ तशीच होती आणि कापाची रेघ तिच्यापासून दोन बोटं डावीकडे गेली होती. कापड आटलं नव्हतं. कात्री मी स्वतःच सुनेपुढे ठेवली.

दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. भाऊजींनाही चला म्हटलं, पण नेम जाईल म्हणून ते आले नाहीत. आता मला सुईचं भोक लांबून दिसतं. सुनेचा हात सरळ चालतो, तेही दिसतं, काय करणार. महिन्याभराने मी कात्री मागितली. तिने शांतपणे पिस्तूल आणून दिलं.

"अट तीच, आई. पाचातले तीन."

गोल एकच दिसत होता, चांगला काळाभोर. मी त्याच्यावर नेम धरला आणि पाचही छरे उजवीकडे गेले. तेव्हापासून दर सुट्टीला मी हरते. तो स्क्रू जरा फिरवून घ्या म्हटलं, तर सून म्हणते, आई, पारखून आणलेली वस्तू आहे, तिला कशाला हात लावायचा?