डब्यातली चौथी चिठ्ठी

मी बंडोपंत. माझं नाव ऐकून आमच्या नांदे गावातले गुन्हेगार शेजारच्या रिहे गावाला पळून जातात, असं मी ऐकलंय. कुणाकडून ते विचारू नका, त्या वेळी खोलीत मी एकटाच होतो. पोस्टात बत्तीस वर्षं न पोचलेल्या पत्रांच्या टेबलावर काढली. अर्धवट पत्त्यावरून माणूस हुडकणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ. माणसं सापडली नाहीत, हा दोष पत्त्यांचा. नजर, नाक आणि तर्क ही माझी तीन हत्यारं. चौथं हत्यार म्हणजे आमची बायको अनसूया, पण ते बहुतेक वेळा माझ्यावरच चालतं.

तर रविवारी दुपारी दोनला वरच्या खोलीतली जान्हवी दारात आली.

"काका, जरा वर येता? भांडण झालंय."

"खून?"

"भांडण म्हटलं मी, काका."

"सुरुवात अशीच होते," असं म्हणून मी अनसूयेच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. तो वापरला की बारीक अक्षर मोठं दिसतं. ती तांदूळ निवडत होती. चष्म्यामागोमाग तीही वर आली.

वर तीन मुली राहतात. जान्हवी, नलिनी आणि गौतमी. तिघी हिंजवडीला एकाच कंपनीत, तीन वर्षं एकाच कुकरमधला भात खातायत. आज गौतमी कायमची परभणीला चालली होती. सहाची बस, पण मधे हिंजवडीचं ट्रॅफिक, म्हणून तीनची कॅब. ती भरलेल्या बॅगेवर बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"आम्ही ठरवलं होतं," जान्हवी म्हणाली, "गौतमी गेल्यावरही रोज संध्याकाळी आठला तिघींनी एकच ऑनलाइन गेम खेळायचा. त्यात प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. हजारो माणसं असतात तिथे, पण आम्ही एकत्र फिरणार. फक्त कुठला गेम, ते आठ दिवस ठरेना. म्हणून आज चिठ्ठ्या टाकल्या. गुप्त मतदान. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं."

"मग?"

"तिघीजणी. आणि डब्यात चिठ्ठ्या चार."

मी स्टीलच्या डब्यातून पुरावे बाहेर काढले. वज्रगड. सप्तसागर. नीलवन. आणि चौथी, इंद्रायणी.

"असा गेमच नाहीये," नलिनी म्हणाली. "सगळीकडे शोधला."

"असेलच कसा," गौतमी बॅगेवरून म्हणाली. "एकीनं दोन टाकल्यात. मुद्दाम. म्हणजे गोंधळ होईल, काही ठरणार नाही, आणि मी निघून जाईन."

"अगं मी कशाला टाकू?"

"तुझं नाव घेतलं का मी? आपल्याबरोबर राहणारी पिंकी खोली सोडून गेली तेव्हाही रोज बोलू म्हणालो होतो. आता ग्रुपवर वर्षातून एकदा केकचा फोटो येतो. नको असेल खेळायला तर सरळ सांगा ना."

नलिनी खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर बिल्डिंगचं काम चालू होतं.

माझ्या हातात एक तास होता. चष्मा लावून मी चौथी चिठ्ठी तपासली.

"वेलांटी थरथरलीय. म्हणजे हे चालत्या पीएमपी बसमध्ये लिहिलंय. लिहिणारा उभा होता, आणि कंडक्टर त्याच्या ओळखीचा नव्हता."

"कंडक्टरचं कशावरून?" जान्हवीनं विचारलं.

"ओळखीचा असता तर बसायला जागा मिळाली असती."

अनसूयेनं सुस्कारा सोडला. तो मी कौतुकाचा धरला.

मग मी चिठ्ठी बोटानं चोळली. पांढरी पावडर. "चेहऱ्याला लावायची," मी म्हणालो. "सोंग, रंग, पावडर. एक चौथी मुलगी आहे. नाव इंद्रायणी. ती ह्याच खोलीत लपून राहते आणि तिलाही खेळायचंय." मी पलंगाखाली शिरलो. तिथे एक मोजा आणि नलिनीचं आयकार्ड मिळालं.

"हे मी फेब्रुवारीत हरवलं होतं," नलिनी म्हणाली. "नव्यासाठी दोनशे अर्ज केले."

"बंडोपंतांकडे एका केसबरोबर दुसरी फुकट सुटते," मी पलंगाखालूनच म्हणालो.

बाहेर आल्यावर मी तिसरा सिद्धांत मांडला. इंद्रायणी ही नदी. म्हणजे संशयित आळंदीकडचा. "तुमच्यापैकी कुणाचं आळंदीला कोण आहे?"

"माझी मावशी," जान्हवी म्हणाली.

"तिला अटक करायला लागेल."

"अहो, ती ऐंशी वर्षांची आहे."

"वयाचा फायदा घेतात लोक."

मी पुरावा म्हणून पावडर हुंगली आणि मला सलग सात शिंका आल्या. मावशी विषही वापरते, हे सिद्ध झालं. पावणेतीन वाजले. गौतमीनं बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला.

तेवढ्यात घरमालकीण सगुणाबाई जिना चढून आल्या. "जानवे, डबा झाला का गं मोकळा? तांदूळ भरायचाय मला."

"सगुणाबाई, हात लावू नका. तो पुरावा आहे."

"पुरावा कसला? माझ्या म्हायेरचा डबा हाय त्यो." त्यांनी माझ्या बोटांतली चिठ्ठी बघितली. "आन् माझी चिट्ठी तुमी कशापायी घेतली वो, दाजी?"

मी चिठ्ठी चष्म्याजवळ नेली.

"तुमची?"

"मंग? एका डब्यात आंबेमोहर, एकात इंद्रायणी. वरनं कागद लावला का डबा घासताना निघतुया. म्हून चिट्ठी आत तांदळात टाकती. सकाळी हिनं मोकळा डबा मागितला, तांदूळ वतून दिला. चिट्ठी ऱ्हायली आसंल बुडाला."

"आणि ही पावडर?"

"बोरिकची. किडं लागू न्हाई म्हून. तुमी हुंगली व्हय?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. बिल्डिंगचं काम चांगलं चाललं होतं.

गौतमी नलिनीकडे वळली. "सॉरी."

"गप. पण ठरलं कुठं अजून? तीन चिठ्ठ्या, तीन गेम."

"समान मतं पडली व्हय?" सगुणाबाईंनी पदर खोचला. "मंग ईश्वरचिट्ठी काढायची. ग्रामपंचायतीला मी आन् माझी जाऊ समान झालो, आन् चिट्ठीत ती आली. लई राग आला हुता. आजून एका चुलीवर जेवतोय आमी."

मी पुरावे शिस्तीत डब्यात परत टाकले. सगुणाबाईंनी डोळे मिटून डबा हलवला, हात घातला आणि चिठ्ठी गौतमीला दिली.

गौतमीनं वाचलं. "इंद्रायणी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुरावा सगळा परत ठेवायचा असतो, हा पोस्टाचा नियम आहे. गौतमी बॅगेवरून उतरून खाली बसली आणि हसायला लागली. मग नलिनीही तिच्याशेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ कुठली हसतेय आणि कुठली रडतेय ते कळत नव्हतं, आणि मी तर चष्मा लावला होता.

दुसऱ्यांदा सप्तसागर निघाला. ती चिठ्ठी कुणाची होती ते कुणी विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण अनसूयेनं चष्मा काढून घेतला.

"बोरिकचा वास मला दारातच आला होता," ती जिन्यात म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कंडक्टरपर्यंत पोचला होता. म्हटलं पुढचा स्टॉप बघू."

त्या गेममध्ये टोळीला नाव द्यावं लागतं. मुलींनी 'इंद्रायणी' दिलं. जान्हवीनं आम्हा दोघांनाही घेतलं. सोंगांच्या यादीत गुप्तहेर नव्हता म्हणून मी हमाल घेतला, वेषांतर म्हणून. अनसूया नुसती बघायला बसली होती. ती आता वैदू आहे आणि तिच्या हाताखाली सतरा माणसं आहेत.

काल आठला परभणीहून गौतमीचा आवाज आला. "काका, तुम्ही अजून पहिल्याच गावात? दार तुमच्या मागे आहे."

"माहितीये मला," मी म्हणालो. "मी आधी बाकीच्या भिंती तपासतोय."