खऱ्याला पाच नारळ

होळीच्या दिवशी सकाळी सहादेव गुरवाच्या हातून भैरोबाचा पितळी मुखवटा देवळामागच्या विहिरीत पडला आणि दुपारपर्यंत अख्ख्या वाडीने ठरवून टाकले की तो काढणार रंगनाथच. त्याला कोणी विचारलेही नाही. भर पुरात गोदावरी पोहून गेलेल्या माणसाला विहिरीचे काय विचारायचे?

दुखणे तेच होते. मिरजगावजवळच्या या वाडीत होळी पेटली की सगळे भोवती बसत आणि ज्याने त्याने स्वतःवर गुदरलेली एक खरी गोष्ट सांगायची. होळीसमोर खोटे बोलला तर पाच नारळ दंड. टपालखात्यातून सुटून आल्यावर पहिल्याच वर्षी रंगनाथने पुणतांब्याची गोष्ट सांगितली. पुरात डोक्यावर टपालाची थैली बांधून तो म्हणे पैलतीरी गेला. खरे तर तो अलीकडच्या काठावर कडुनिंबाखाली दोन दिवस झोपला होता. पण लोकांना गोष्ट आवडली आणि दरवर्षी तीच मागू लागले. सहा वर्षांत तिच्यात एक मगर आली, एक बाळंतीण आली. त्या कोणी घातल्या, हे रंगनाथलाही माहीत नव्हते. ऐकवून ऐकवून बिचारा पार थकून गेला होता. त्यात त्याला पोहता येत नव्हते.

"मुखवटा न्हाई तर रंगपंचमीला पालखी न्हाई," सूर्यभान पाटील रंगनाथला सांगून गेला. "तात्या, उद्या सकाळी बुडी मारा."

देवाची विहीर अथांग, असे सगळेच म्हणत. उतरून पाहिले कोणीच नव्हते.

"आज होळीम्होरं खरं सांगून मोकळं व्हा," साळूबाई नवऱ्याला म्हणाली. "लाज जाईल, पर माझं कुंकू तरी ऱ्हाईल."

संध्याकाळी होळी पेटली, बोंबा मारून झाल्या आणि रंगनाथ उभा राहिला.

"मंडळी, मला पोहता येत न्हाई. मी नदी वलांडलीच न्हाई. झाडाखाली झोपलो हुतो."

सगळे खो खो हसले.

"काय बोलता तात्या!" पाटील म्हणाला. "माझ्या मेव्हण्यानं सोता पाह्यलंय तुमाला. मगर बी पाह्यली."

"आरं, मगर न्हवतीच!"

"खरं बोलत्यात ते!" साळूबाई मागून ओरडली. "हंड्यात बी बुडतील!"

"काकू, काळजीपोटी बोलताय, कळतं आमाला," पाटील म्हणाला. "पर होळीम्होरं खोटं ते खोटं. पाच नारळ!"

रंगनाथने पाच नारळ दिले.

सकाळी हलगी वाजत असताना त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला विहिरीत सोडले. आत मिट्ट काळोख होता. रंगनाथने डोळे मिटले, भैरोबाला हाक मारली, साळूबाईला मनातल्या मनात हात जोडले. पाय पाण्यात गेले, गुडघे गेले, कंबर गेली आणि तळव्यांना चिखल लागला. मुखवटा पायाच्या अंगठ्यालाच टेकला होता. तो हातात घेऊन रंगनाथ बराच वेळ तसाच उभा राहिला. इतके निवांत त्याला सहा वर्षांत वाटले नव्हते.

वर आल्यावर त्याचे पागोटे कोरडे ठणठणीत होते, पण ते बघायला कोणाला सवड नव्हती.

"किती खोल हाय, तात्या?" गुरवाने विचारले.

"कमरंइतकी."

"बगा! एवढं करून गर्व म्हनून न्हाई," असे म्हणत गुरवाने त्याच्या गळ्यात हार घातला.

पुढच्या होळीला रंगनाथ खांद्यावर पोते टाकून आला. त्याने ते पाटलापुढे ओतले.

"दहा नारळ? कशापायी?"

"घ्या आधी मोजून," रंगनाथ दमल्या आवाजात म्हणाला. "दोन गोष्टी सांगायच्यात. दोनी खऱ्या हायेत."