विषय: पुढची ओळ मिळण्याबाबत

गेल्या महिन्याच्या तेरा तारखेला, मंगळवारी सकाळी, आमच्या फोरमवरचं एक पात्र अर्ज घेऊन माझ्या घरी आलं. मी दाढी करत होतो. दार कुमुदनं, म्हणजे माझ्या बायकोनं उघडलं आणि आत येऊन सांगितलं, "तुमच्या त्या डबड्यातलं कुणीतरी आलंय. आधी तोंड पुसा."

दारात तुळाजी नावाडी उभा होता. मी लगेच ओळखलं, कारण त्याचं वर्णन माझ्याच फाईलला आहे: उंच, काळासावळा, कानात बाळी. डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यानं पांढराफटक पडलेला. अर्ज मात्र फुलस्केपवर, व्यवस्थित समास सोडून लिहिलेला. मला बरं वाटलं. हल्ली समास सोडतंय कोण!

अर्ज असा होता: "विषय, पुढची ओळ मिळण्याबाबत. महोदय, मी गेले चौदा महिने उजवा पाय नावेत व डावा पाण्यात अशा स्थितीत उभा आहे. मागे वळून बघण्याची क्रिया अर्धवट आहे. नावेत सात उतारू असून पैकी एक बाई बाळंतपणासाठी माहेरी निघाली आहे. तिला आठवा महिना लागून चौदा महिने झाले. तरी पुढची ओळ मिळावी, ही विनंती."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा फोरम म्हणजे इंटरनेटवरची एक जागा आणि तिथं सोनटेक नावाचं नदीकाठचं गाव. ते कुठल्याच नकाशात नाही, आम्हीच रचलंय. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीनं लिहायचं. तुम्ही एक परिच्छेद, मग मी एक, अशी गोष्ट पुढं जाते. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. रिटायर झालो तेव्हा घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा हे बरं, म्हणून सुरू केलं. मी स्वतः काही लिहीत नाही. मी ॲडमिन. लिहिणारी मंडळी मला 'ॲडमिनकाका' म्हणतात आणि बार्शीत बसून मी बावीस नियम सांभाळतो.

त्यातला तिसरा नियम सगळ्यांत कडक: दुसऱ्याचं पात्र हलवायचं नाही. पहिल्याच वर्षी एका सद्‌गृहस्थांनी दुसऱ्याच्या पैलवानाचं परस्पर लग्न लावून टाकलं होतं. एका ओळीत! मुलगी दाखवली नाही, काही नाही. दोन महिने भांडण मिटेना. तेव्हापासून नियम झाला की ज्याचं पात्र त्यानंच उठवायचं, त्यानंच बसवायचं. त्यामुळे तुळाजीला लिहिणारी बाई "तुळाजीनं उजवा पाय नावेत ठेवला आणि मागे वळून" एवढं लिहून गेली ती गेलीच, आणि सगळी नाव तिथंच अडली. उतारूंना लिहिणारे आज जाईल, उद्या जाईल म्हणत थांबले, कंटाळले आणि एकेक करून तेही गेले. पात्रं अडतीस आणि लिहिणारी अकरा, अशी आमची गत झाली होती.

"बसा," मी तुळाजीला म्हणालो. "पण तुम्ही इथवर आलात कसे? तुम्हांला हलता येत नाही ना?"

"सोनटेकच्या हद्दीत येत नाही, साहेब. हद्दीबाहेरचं तुमच्या नियमात काही नाही."

मी बावीसच्या बावीस नियम काढून पाहिले. खरंच नव्हतं. चूक माझीच होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. तुळाजीनं तीन कप चहा घेतला. चौदा महिन्यांचा तो उपाशी.

"पण हा अर्ज तुमच्या लेखिकेकडं जायला हवा," मी म्हणालो.

"चारदा गेलो. ज्यानं लिहिलं त्याचं घर आम्हांला ठाऊक असतं. कुर्डुवाडीला असतात ताई. मला बघितलं की रडतात. म्हणतात, नोटिशीचं उत्तर दिल्याशिवाय लिहू कशी? आणि उत्तर काही सुचत नाही त्यांना. तेवढी नोटीस मागं घ्या, साहेब."

इथं एक गोष्ट कबूल करतो. लिहायला उशीर करणाऱ्याला मी कारणे दाखवा नोटीस पाठवत असे. "आपण सलग एकवीस दिवस लेखन केले नाही, याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल." एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय! माणसं प्रेमानं, फुकट, आपला कामधंदा सांभाळून लिहीत होती आणि मी त्यांना खुलासे मागत होतो. अशा सत्तावीस नोटिसा मी काढल्या. सत्तावीस माणसं गेली. दोन आकड्यांचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. कुमुदच्या आला होता. ती म्हणाली, "घरात मलाही खुलासे मागता. मला जायला जागा नाही म्हणून राहिले."

"नोटीस मागं घेता येत नाही," मी तुळाजीला सांगितलं. "खुलासा आला की निकाली काढता येते."

"मग घ्यायला चला."

घाई करण्याचं आणखी एक कारण होतं. ज्या कंपनीनं आम्हांला ही जागा दिली तिचं पत्र आलं होतं. एकतीस तारखेला दुपारी दोन वाजेपर्यंत लिहिणारे पंचवीस झाले नाहीत, तर फोरम बंद. बंद म्हणजे पुसणार नाहीत, आहे तसा गोठवून ठेवणार. म्हणजे तुळाजीचा पाय कायमचा पाण्यात, आणि त्या बाईचा आठवा महिना कायमचा आठवा. आणि माझं काय? सकाळी उठून बघावं असं सोनटेकशिवाय माझ्याकडं काही नव्हतं, हे खरं. ते मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

आम्ही कुर्डुवाडीची एस.टी. धरली. कंडक्टरनं तुळाजीकडं बघितलं. "हे कोण?"

"पात्र."

"पात्राला सवलत नाही. सीटवर बसलंय ना? पूर्ण तिकीट."

त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं, मी पूर्ण तिकीट काढलं. मग कंडक्टर गर्दी ओसरल्यावर येऊन शेजारी टेकला आणि नावेत पुढं काय होतं म्हणून विचारू लागला. तुळाजी म्हणाला, "तेच बघायला चाललोय." कंडक्टरनं फोरमचा पत्ता तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला.

शैला काळदाते या बाईंचं स्टेशन रोडला ब्लाऊज शिवण्याचं छोटंसं दुकान होतं. 'पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी. आम्हांला दोघांना बघून त्या मशीनवरून उठल्याच. ड्रॉवरमधून, बॉबिनींच्या खालून, माझी नोटीस काढली. घडीवर घडी पडून ती फाटायला आली होती.

"काका, अकरा कागद फाडले हो," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, उत्तर देणारच होते."

"तोंडी द्या. मी लिहून घेतो."

त्यांनी हातातली कात्री बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सुचलं नाही."

"काय सुचलं नाही?"

"हा मागे वळून काय बघतो, ते. पहिल्या दिवशी सुचलं नाही. म्हटलं, उद्या बघू. मग आठ दिवस झाले. मग लाज वाटायला लागली की एवढे दिवस लावून आता काय फडतूस लिहायचं. आणि मग तुमची नोटीस आली."

एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून हजारो खुलासे गेले. प्रकृतीची कारणं, घरगुती अडचणी, मयत झालेल्या आज्या. एकेका माणसाच्या पाच-पाच आज्या मी फाईलला लावल्यात. पण इतका खरा खुलासा मला कुणी दिला नव्हता. मी नोटिशीवर लिहिलं: "खुलासा समाधानकारक. प्रकरण निकाली." सही करताना डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"ताई, घाई नाही," तुळाजी म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे आहे. पण तुमच्या सवडीनं."

परत आल्यावर मी उरलेल्या सव्वीस जणांना पत्रं लिहायला बसलो. मायना तोच, मला दुसरा येत नाही. पण सहा वर्षांत त्यांनी जे लिहिलं ते मी सगळं वाचलं होतं, तेवढंच माझं भांडवल. "आपण दिनांक ४ जुलै रोजी लिहिलेली 'पैलवानानं गूळ मागितला नाही, नुसता वासाला उभा राहिला' ही ओळ या कार्यालयाच्या स्मरणात आहे. त्याबद्दल आभारी आहे. खुलाशाची आवश्यकता नाही." अशी सव्वीस. प्रत्येकाची ओळ वेगळी. एकही शोधावी लागली नाही, सगळ्या तोंडपाठ निघाल्या. कुणाची किती देणगी आपल्याकडं पडून होती, आणि आपण उलट त्यांच्यावरच डोळे वटारत होतो, हे लिहिता लिहिता कळत गेलं.

कुमुदनं त्यातलं एक वाचलं. "लग्नाला अडतीस वर्षं झाली," ती म्हणाली, "मला नाही कधी एक चिठ्ठी."

मग तिलाही एक काढलं. "आपण डब्यात लोणचे वेगळ्या पुडीत बांधून देत होता, जेणेकरून भाताला तेल लागू नये. त्याबद्दल आभारी आहे." तिनं ते दोनदा वाचलं, "जेणेकरून काय, जेणेकरून!" असं म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवशी जेवायला शिरा होता.

माणसं यायला लागली. पहिला फोन जालन्याहून ओंकार जिगेचा. हा तिथं लोखंडाच्या कारखान्यात कामाला, आणि नावेतली ती गरोदर बाई हे याचं पात्र. "काका, ही नोटीस नाही ना नक्की?" त्यानं तीनदा विचारलं. मग रडल्यासारखं हसला. आठ दिवसांत दहा जण परत आले. कंडक्टर आला, त्यानं नावेवरच तिकीट फाडणारा माणूस घेतला. त्यानं आपल्या मेहुणीलाही ओढून आणलं.

तुळाजी तेवढे दिवस आमच्याकडंच होता. पाणी भरायचा, कुमुदला मासे साफ करून द्यायचा. संध्याकाळी मात्र पाय चोळत बसायचा. ओळ काही येत नव्हती. मी शैलाताईंना फोन केला नाही. दहादा हातात घेतला आणि ठेवला.

एकतीस तारखेला सकाळी आम्ही पोहे खात होतो. तुळाजी घास हातात धरून एकदम थांबला. मग त्यानं ताट बाजूला केलं, हात धुतला आणि कुमुदच्या पाया पडला.

"ओळ आली, वहिनी. निघतो."

"खाऊन तर जा," कुमुद म्हणाली. पण तो गेला होता.

तेवढ्यात कंपनीतल्या केतकीचा फोन आला. गुणी मुलगी, आमच्यासाठी तिनं वरपर्यंत रदबदली केली होती. "काका, आत्ता एक ताई आल्या. चोवीस झाले. एक कमी आहे हो. दोन वाजता बंद होईल, माझ्या हातात नाही."

"मला धरा की."

"तुम्ही ॲडमिन. तुमच्या नावावर सहा वर्षांत एक ओळ नाही. मी तपासलं."

मी फोरम उघडला. शैलाताईंनी लिहिलं होतं:

"तुळाजीनं उजवा पाय नावेत ठेवला आणि मागे वळून पाहिलं. काठावर चष्मेवाला, पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. काखेत फाईल. कोण आलं, कोण गेलं, सगळं लिहून घेत सहा वर्षं तो तिथंच उभा होता. त्याला कुणी कधी 'बस' म्हणालं नव्हतं. तुळाजी म्हणाला, 'साहेब, या की. तुमच्यावाचून नाव कशी सुटंल?'"

मी खुर्चीतून उठायला गेलो, तर उठता येईना. साहजिक होतं. मी आता सोनटेकच्या हद्दीत होतो, आणि मला दुसरं कुणी हलवू शकत नव्हतं. सगळी नाव थांबली होती. एकतीस वर्षं मी नोकरी केली, पण माझ्यासाठी कुणी कधी लिफ्टचं दारसुद्धा धरून ठेवलं नव्हतं. इथं आठव्या महिन्याची बाई माझ्यासाठी खोळंबली होती. हात तेवढे हलत होते. मी टाईप केलं: "सदर इसम नावेत चढला."

कुमुद मागून वाचत होती. "सदर इसम कोण? हे नाव कुठल्या बारशाला ठेवलं?" ती म्हणाली. "मी म्हणा, मी. सरळ."

'मी' लिहू की नको, यातच दीड वाजला. मी ते खोडलं. आयुष्यात सरकारी कागदावर 'मी' लिहायची वेळ आली नव्हती. मी लिहिलं:

"मी फाईल काठावर ठेवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि नावेत पाय ठेवला. म्हणालो, तुम्ही सगळे थांबलात, मी फार आभारी आहे."

नाव जराशी कलली आणि सावरली. गरोदर बाईनं सरकून जागा दिली. कंडक्टरच्या माणसानं मला तिकीट दिलं, पूर्ण. तुळाजीनं डावा पाय पाण्यातून उचलून आत घेतला आणि बांबूनं काठ ढकलला. पाणी संथ होतं, बरंच रुंद.

"जेवायला येताय ना?" कुमुदनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पलीकडं पोचलो की येतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "भाकरी झाकून ठेवते."