कळविण्यास अत्यंत दुःख होते की

जगण्याच्या सूचना माणूस चालता चालता ऐकतो, मरणाची बातमी मात्र हातातला चहा बाजूला ठेवून ऐकतो. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाने हे महामारीच्या दुसऱ्या वर्षी ओळखलं, याचा ग्रामदक्षता समितीचा अध्यक्ष म्हणून मला अभिमान आहे.

तोवर ग्रामपंचायतीचा शिपाई परमेश्वर महादेवाच्या देवळावरच्या भोंग्यातून रोज चार सूचना वाचायचा: मास्क नाकावर घ्या, हात साबणाने धुवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, गर्दी करू नका. लोकसंख्या अकराशे चाळीस, ऐकणारे तीन (त्यात परमेश्वर स्वतः, कारण तो वाचत होता). त्याच भोंग्यावरून कोणी वारल्याचं सांगितलं, की पिठाची गिरणीसुद्धा थांबायची.

समितीने ठराव केला: यापुढे प्रत्येक घोषणेचं पहिलं वाक्य निधनाचं असावं. नाव हवं होतं, कारण बिननावाचं मरण गाव मानत नाही. बहात्तर वर्षांच्या गंगम्मा पुढे आल्या. "माझं घ्या की. लोकांचे जीव वाचत असतील तर मी रोज मरते, माझं काय जायलंय?" त्यांचे मालक नागप्पा भडकले, "तू रोज मरायलीस, मग मला चहा कोण करील?" (आक्षेप नोंदवून फेटाळला.)

पहिल्या दिवशी गंगम्मांच्या दारात दोनशे बारा माणसं जमली, एकाच्याही तोंडाला मास्क नाही (शेरा: प्रतिसाद उत्तम). गंगम्मांनीच सगळ्यांना झापलं, "मेले न्हाई रे मुडद्यांनो, तोंडं झाका अन् घरी जा!" पंधरा दिवसांत गाव लय तयार झालं. "गंगम्मा" एवढं कानावर पडलं, की मास्क वर, माणूस आत, दार बंद. शंभर टक्के शिस्त! शेजारच्या दोन गावांनी ठरावाची नक्कल मागून नेली.

मग एका मंगळवारी दुपारी गंगम्मांना खरोखरच दम लागला. नागप्पा अनवाणी देवळात धावत आले. "परमेश्वरा, दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजे रे, बिगीनं सांग!" परमेश्वर घाबरला, पण ठराव त्याला पाठ होता. त्याने मंजूर झालेलं पहिलं वाक्य वाचलं. गाडीचं दुसऱ्या वाक्यात होतं. तीनदा वाचलं.

गावात जीप एकच, माझी. मीही मास्क लावला आणि दार लावून घेतलं. अध्यक्षच नियम मोडायला लागला तर झालंच की.

गंगम्मा तिन्ही वेळा ऐकत होत्या, असं नागप्पा सांगतात. संध्याकाळी पहिलं वाक्य खरं झालं. परमेश्वरने ते रडत रडत वाचलं, आणि गावाने पुन्हा दारं लावली. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, पण इतिवृत्तात त्याला रकाना नाही.

चौकशीत एवढंच निघालं, की चारातली तिसरी सूचना पाळली असती तर दुसरं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं असतं, मलाही. तिसरी कोणती होती, सांगा बरं? वर जाऊन बघू नका. मेलेल्या बाईचं नाव मात्र तुम्हाला न बघता सांगता येईल.